सात कान

युद्धाच्या काळात मी माण तालुक्यात गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. मेंढ्यांच्या देवीवरची एक नवी लस एका कळपाला टोचून पाहायची आणि अहवाल वर पाठवायचा, हे काम माझ्याकडे आले. कळप राखणारा धनगर दुसऱ्याच्या चाकरीत होता. बोलताना तो माझ्याकडे न बघता मेंढराच्या पाठीवरून हात फिरवत राही. त्याचे नाव मी कधी विचारले नाही.

वीस मेंढरांना टोचले, सात मेली. ती मुळातच अशक्त होती अशी मी मनाची समजूत घातली आणि लिहिले, ‘तेरा टोचली, तेराही ठणठणीत.’

एका सकाळी त्याने माझ्या टेबलावर सात वाळलेले कान मांडले. मेंढरू मेले की मालकीची खूण कापलेला त्याचा कान मालकाला दाखवायचा, नाहीतर राखणाऱ्याने ते विकले असे धरतात, ही तिकडची रीत.

“मालकाला दावलं,” तो म्हणाला. “पर लस तुमची न्हवं? ह्ये बी लिवा.”

“अहवाल गेला. त्यात तेराच आहेत.”

“आवं, मग तुमच्या कागदात मेंढरू मरतच न्हाई की! लय भारी कागद हाय.” मग हसू आवरून म्हणाला, “दुसरा धाडा, सायेब. लोणंदकडं माझं सोयरं हाईत. ह्योच कागद बगून त्येंची मेंढरं टोचतील.”

“बघतो,” मी म्हणालो.

मी दुसरा अहवाल लिहिला नाही. महिन्याभरात लोणंदकडे लस टोचली गेली. तिथे काय झाले, हे मी आजवर कुणाला विचारलेले नाही. एका पोस्टकार्डात कळले असते.