डॉक्टर काय म्हणाले होते

रविवार, दिवाळीचा फराळ सुरू होण्याआधीचा. हजर: मी, माझी धाकटी जाऊ शुभांगी, पोळ्या लाटणाऱ्या मंदाताई आणि नवी आलेली रेश्मा. जागा: लालबागमधलं आमचं पोळी-भाजी केंद्र, शटर अर्धं खाली. विषय: फराळात कोणी काय करायचं.

त्या दुपारी जे झालं त्याच्या मागचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. लपवायला फार कष्ट पडले असंही नाही — कोणी विचारलंच नाही. आता तुम्हाला सांगते आहे. खरं तर सांगायचं ते तुम्हाला नाही, हेही मला कळतं.

आधी आमची पद्धत सांगते. केंद्र माझं, शिस्तही माझी. पहिल्यापासून एक नियम — एकीच्या कामाचा भार दुसरीवर नको. खाडा झाला तर कामावर येशील त्या दिवशी आपला वाटा भरून काढायचा. मंदाताई म्हणायच्या, ताईंच्या राज्यात तापसुद्धा रजेचा अर्ज देऊन येतो. मला त्या नियमाचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे — खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या लाटेत शुभाला कोविड झाला. ताप गेला, तोंडाला चव आली, चाचणी निगेटिव्ह आली. बरी झाली, असं सगळ्यांनीच धरून चाललं. मग ते विचित्र सुरू झालं. आज ठणठणीत, तर उद्या केस विंचरायलाही हात वर जात नाही. भाजीत मीठ दोनदा पडायचं. बोलता बोलता साधा शब्द हरवायचा. कढईला ‘ते काळं, ते’ म्हणायची आणि आम्ही हसायचो. तीही हसायची. खाडे वाढले तसा बऱ्या दिवशी मी तिच्यापुढे कणकेचा आणखी एक गोळा ठेवायला लागले. नियम सगळ्यांना सारखा. त्यात काय चुकलं?

चुकलं होतं, पण तोवर मला माहीत नव्हतं. मी सांगते आहे ते माहीत झाल्यानंतरचं.

परळच्या एका डॉक्टरांकडे तिला घेऊन गेले. दवाखाना वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. शुभाला जिना चढवेना. ती खाली औषधाच्या दुकानाबाहेर बाकावर बसली आणि रिपोर्ट घेऊन मी वर गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, मग मलाच बरंच विचारलं. म्हणाले, रिपोर्ट साधे आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही. विषाणू गेल्यावरही काही जणांचं शरीर महिनोन्‌महिने सावरत नाही, डोकंही नीट चालत नाही. आणि एक नीट सांभाळा — बरं वाटतंय म्हणून राहिलेलं काम उरकायला गेली की ती पुन्हा आडवी होणार. झेपेल त्याच्या अलीकडेच थांबायचं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. वर म्हणाले, थांबा, पेशंट आटोपले की मीच खाली येऊन त्यांना बघतो. मी म्हटलं, नको, आम्ही परत येऊ.

आम्ही परत गेलो नाही.

खाली आले. शुभाने विचारलं, “काय म्हणाले, ताई?”

“सगळं नॉर्मल आहे. हालचाल वाढव म्हणाले. बसून राहिलीस तर बसूनच राहशील.”

तिला हायसं वाटलं. “मला वाटलं काहीतरी मोठंच निघतंय,” असं म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

का केलं? त्याच आठवड्यात लोअर परळची ऑफिसं उघडली होती, डबे पुन्हा सुरू होत होते. दुपारपर्यंत मऊ राहणारी घडीची पोळी शुभाच्याच हातची. एवढंच. दुसरं कारण मी शोधून पाहिलं — सापडत नाही.

तिने माझा शब्द मानला. सकाळी चालायला जायला लागली, जिने मुद्दाम चढली, राहिलेल्या पोळ्या बऱ्या दिवशी लाटून दिल्या. आता ती स्टुलावर बसून पाकिटांना लेबलं लावते. वाईट दिवशी तेही नाही. त्या दिवशी भावजी तिची वेणी घालून देतात. हे माझ्यामुळेच झालं का? एरवीही झालं असतं का? कोणी खात्रीने सांगू शकणार नाही, आणि हे मी सुटकेसाठी लिहीत नाही. कारण एक गोष्ट नक्की माझी आहे — आपलंच मन कच्चं, आपणच जोर कमी लावला, असं शुभाला वाटतं.

तर तो रविवार. रेश्माला पावसाळ्याच्या शेवटी कोविड होऊन गेला होता. ती दबकत म्हणाली की अजून पायात जीव नाही, दिवाळीपुरतं बसून करायचं काम मिळेल का. मी काही बोलायच्या आत शुभा बोलली. दटावून नव्हे, मायेने.

“अगं, लाड नको करून घेऊस. मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बसून राहिलीस तर बसूनच राहशील. मी कमी पडले, माझं बघ काय झालंय. ताईंना विचार, त्या होत्या तिथे.”

रेश्माने माझ्याकडे पाहिलं. मंदाताईंनीही.

मी म्हटलं, “चकली घे.” चकली म्हणजे तळणीसमोर उभं राहणं. रेश्माने मान हलवली. शुभाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग आम्ही करंज्यांकडे वळलो.

उद्यापासून तळण. भाजणी दळून आली आहे, तेलाचे डबे आले आहेत, झारे घासून झाले आहेत. रेश्माला चकलीवरून काढायचं राहिलं आहे. ते का, हे शुभासमोर सांगायचं राहिलं आहे.