रफीकसाठी पाहिलेली कोलोनची मशीद

विमानतळावर माझ्या लिंबाच्या लोणच्याला द्रव पदार्थ ठरवून जप्त करण्यात आलं. संस्कृतीच्या ऱ्हासाची नोंद कुणी ठेवत असेल, तर हेही टिपून घ्यावं. लोणचं लेकीसाठी होतं. ती जर्मनीत, कोलोनला असते.

दुसरी कामगिरी मात्र जप्त होण्यातली नव्हती. धारचा रफीक माझा शाळासोबती. जन्मभर इमारतींचे नकाशे काढले, आता नजर जवळजवळ गेलीय. देवासहून मुद्दाम भेटायला गेलो तर म्हणाला, "भिया, वहाँ जो नई मस्जिद है ना, मेरे वास्ते ठीक से देखके आना. फोटू मत लाना, मेरे किस काम का?"

लहानपणी धारच्या लाट मशिदीबाहेर पडलेल्या लोखंडी खांबावर आम्ही घसरगुंडी करायचो. मे महिन्यात चड्डीखाली काय भाजायचं ते विचारू नका. मी बोंबलायचो, रफीक आत जाऊन कमानी बघत बसायचा.

कोलोनला ट्रामचं दिवसभराचं तिकीट काढलं. तेवढ्या पैशांत देवासहून धारला सहकुटुंब जाऊन, जेवून परत येता येतं. मशीद मात्र फुकट. बूट काढा, शुक्रवारची दुपार टाळा. रस्त्यावरून रुंद पायऱ्या थेट अंगणात चढतात. घुमट एकसंध नाहीच. काँक्रीटच्या वळत्या पाकळ्या, मधे काच, त्यातून आत उजेड.

पायऱ्यांवर एक तुर्की आजोबा बसले होते. लेक दुभाषी झाली.

"कारखान्यात कामाला आलो, थोडं कमवून परत जायचं म्हणून. जुन्या औषध कारखान्यात नमाज पढायचो. ही बांधायची म्हटल्यावर मिनारांच्या उंचीवरून गावभर भांडणं."

"आणि परत जायचं?"

"नातवंडं इथलीच झाली."

देवास दरबारच्या नोकरीला आलेले आमचे पूर्वजही पुण्याकडे परतच जाणार होते. अजून माळव्यातच आहोत.

आल्यावर धार गाठलं. पाकळ्या, काच, उजेड असा सुटलो. रफीकचा चेहरा पडत गेला.

"भाषण मत दे यार. पंखुड़ियाँ जुड़ती कहाँ हैं, वो बता."

गावभर जीभ चालवणारा मी, उठून स्वयंपाकघरात गेलो. आत नसीमभाभींनी उकडून भाजायच्या बाफल्यांची कणीक मळली होती. एक गोळा मागून घेतला. चिरा पाडल्या, पाकळ्या वर वळवल्या, मधे फटी ठेवल्या आणि हलकेच रफीकच्या ओंजळीत दिला.

त्याची बोटं सावकाश फिरली. अंगठा एका फटीत थांबला.

"यहाँ काँच?"

"हो."

"और रोशनी?"

"तिथूनच."

त्यानं पुन्हा पहिल्या पाकळीपासून सुरुवात केली.

"बाफले बनाना है कि नहीं?" भाभी आतून ओरडल्या.

"बनाओ," रफीक म्हणाला, "आज एक कम."