हौसावहिनी आणि बाईंचा मोबाईल

हौसावहिनींचा या जगात कुणावर विश्वास आहे, असं मला अजून आढळलेलं नाही. माझी पिठाची गिरण शाळेच्या समोरच आहे. वहिनी दळण आणतात तेव्हा डबा आधी दुकानातल्या काट्यावर वजन करून आणतात, आणि पीठ झालं की परत तिथंच नेतात. कमी भरलं तर चार बायकांसमोर विचारतात, "भावजी, गिरणीनं खाल्लं की गिरणीवाल्यानं?" नात्यानं त्या माझ्या चुलतभावाच्या बायको, म्हणून मी ऐकून घेतो. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर डबा फेकून दिला असता.

कुणाला पकडायला निघाल्या की त्यांना साक्षीदार लागतो. उद्या कुणी नाकबूल झालं तर? तो साक्षीदार बहुतेक वेळा मीच. गिरण सोडून जावं लागतं याचं त्यांना काही नाही.

त्यांचा मुलगा अनिल आणि सून दोघंही मुंबईला कामाला. नात सानवी तिसरीत, ती वहिनींकडे. पोर शांत, पण हाक मारली की ओ देईल तर शपथ. "आयकून न आयकल्यासारी करते, सोंगाडी मेली," असं वहिनी म्हणायच्या आणि कधीकधी पाठीत एक धपाटाही घालायच्या. शाळा समितीवर पालकांच्या जागी आजी म्हणून त्याच होत्या, त्यामुळे शाळेच्या खिडकीशी त्या कधीही उभ्या दिसत.

यंदा आमच्या शाळेत दीपालीबाई नव्या आल्या, खेडच्या. राजापुरात खोली घेऊन राहतात, एसटीनं येतात. शाळेला देणगीत मिळालेला प्रोजेक्टर कपाटात धूळ खात पडला होता, तो त्यांनी बाहेर काढला. वर्गात चालू असलेला प्लग एकच, तोही मागच्या भिंतीला. म्हणून प्रोजेक्टर मागे, लॅपटॉप मागे आणि चित्रं पुढच्या भिंतीवर.

एक दिवस वहिनी तरातरा गिरणीत आल्या. "चला भावजी. बाय वर्गात मोबाईल खेळते. मी या डोळ्यांनी बगितलं."

गेलो. बाई पुढच्या भिंतीपाशी मुलांकडे तोंड करून उभ्या होत्या, हातात मोबाईल, अंगठा चाललेला. वहिनी थेट आत शिरल्या.

"आजी, मी खेळत नाही," बाई म्हणाल्या. "लॅपटॉप मागे आहे ना, म्हणून इथून मोबाईलनं चित्र बदलते. टीव्हीचा रिमोट समजा."

"टीव्हीचा रिमोट माज्याकडं हाय. त्याच्यात बोलायची सोय नसते. फोटो काडायची नसते."

बाईंनी हसून मोबाईलच त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच बदला. इथं अंगठा लावा." वहिनींनी अंगठा लावला. भिंतीवरचा बेडूक गेला आणि कासव आलं. मुलं ओरडली. वहिनींनी विंचू चावल्यासारखा हात मागं घेतला. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा लावायचा असतो, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"माजा अंगठा कशाला घेतलास गो? कशावर घेतलास?"

बाईंनी समजावलं, मी समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या समितीच्या सभेत वहिनींनी विषय काढलाच. पोरांचे फोटो कुठं जातात, बाय कुणाशी बोलते, वर्गात मोबाईल कशाला? बाकीच्यांना चहा पिऊन घरी जायची घाई. ठरलं की वर्ग चालू असताना मोबाईल कपाटात राहील.

"मग मला मागं लॅपटॉपपाशी उभं राहून शिकवावं लागेल," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता.

"ऱ्हा की. मागनं पोरं बरी दिसतात," वहिनी म्हणाल्या.

काजूच्या बिया गळायला लागल्या तेव्हा चाचणीचे पेपर आले. सानवीचा जवळजवळ कोरा. बाईंनी वहिनींना बोलावून सांगितलं, की आधी ही छान उत्तरं द्यायची, हल्ली प्रश्न विचारला तरी गप्प बसते. वहिनींनी सरळ निष्कर्ष काढला, की बाई मोबाईलचा राग नातीवर काढतात. पुन्हा साक्षीदार. पुन्हा मी.

खिडकीतून बघितलं. खोलीत अंधार, समोर भिंतीवर होडीचं चित्र, आणि मागं काळोखात उभ्या बाई सांगत होत्या. सगळी पोरं चित्राकडे बघत होती. एकटी सानवी मान वळवून मागं बाईंच्या तोंडाकडे बघायला धडपडत होती.

"सानवी, पुढं बघ," बाई म्हणाल्या. ती हलली नाही. परत म्हणाल्या. शेवटी शेजारच्या मुलीनं कोपर मारलं तेव्हा दचकून वळली.

"बगितलंत? कशी मुद्दाम..." वहिनी म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. मग खिडकी सोडून घराकडे चालू लागल्या.

संध्याकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. सानवी आमच्याकडे पाठ करून खळ्यात वाळत घातलेल्या बिया सुपात भरत होती. वहिनी तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या, जेमतेम हातभर अंतरावर.

"सानवी," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुजी आय आली गो मुंबयवरनं. एसटीतनं उतरली, ती बग."

पोर बिया भरत राहिली.

वहिनी पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं. पोरीनं एक किडकी बी निवडून बाजूला टाकली. आईसाठी रात्र रात्र रडणारी पोर ती, एवढं सोंग कुणाला जमतं? वहिनींनी तोंडावर पदर दाबला आणि तशाच आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मलाच घेऊन त्या शाळेत गेल्या. काही न सांगता कपाट उघडलं, मोबाईल काढला, कमरेची पिशवी सोडून आतून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली आणि कॅमेऱ्यावर डकवली. मग मोबाईल बाईंच्या हातात दिला.

"पुडं उभी ऱ्हा, बाय. उजेडात. तिला तुजं तोंड दिसायला पायजे." आणि काल काय झालं ते सांगितलं. बाईंनाही ते कळलं नव्हतं. शनिवारी कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं तिथंच ठरलं. डॉक्टर लुबाडतो की काय, हे बघायला मी बरोबर जायचं.

तास सुरू झाला. बाई भिंतीपाशी उभ्या राहिल्या, चित्राचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला. सानवी त्यांच्या ओठांवरून नजर काढीना. तिसऱ्या चित्राला तिनं हात वर केला आणि उत्तर बरोबर दिलं. वहिनी खिडकीतून बघत होत्या, तरी डोळा मधूनमधून मोबाईलकडे होताच.

मधल्या सुट्टीत त्यांनी नातीला व्हरांड्यात धरलं आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"बाय माजे, तुला आयकायला येत नाय, हे मला सांगितलंस का नाय?"

सानवी आजीच्या तोंडाकडे नीट बघत होती. मग म्हणाली, "सांगितलं व्हतं. तू मारलंस."