वैष्णवीचं उत्तर मी गिळलं

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण परवा एका शाळेनं मला 'जागतिक नागरिक कसे घडवावेत' यावर बोलायला बोलावलं — आणि मी गेलो. टाळ्याही घेतल्या. चीड येते हो स्वतःची!

मी धाड गावाजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. काही वर्षांपूर्वी जपानमधल्या एका शाळेशी आमची ओळख जुळली. आमचं एक मूल तिकडे राहून येणार, त्यांचं एक इकडे. निवड व्हिडिओ कॉलवर. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं — मुलांनी आपल्या भाषेत बोलावं, सरांनी ते इंग्रजीत सांगावं. किती साधी गोष्ट! पण मला ते नको होतं. काऊन? — बघा, चिडलो की 'का'च्या जागी अजून हेच तोंडात येतं. पुण्यात बी.एड. करताना माझ्या 'मले-तुले'वर वर्ग हसायचा. मी ते घासून घासून काढलं होतं.

म्हणून मीच सगळ्यांना भाषण लिहून दिलं, शुद्ध भाषेत. गड-किल्ले, योग, सारं विश्व एक कुटुंब. पोरांनी पोपटासारखं पाठ केलं. वैष्णवीनं केलं नाही. नववीतली मुलगी, वडील भाजीपाला पिकवतात.

पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, आमची मुलगी तुझ्या घरी आली तर काय करशील? मी तिला मराठीत सांगितलं.

"मी तिले आधी इचारीन, तुले काय पाहाचं हाय. आपणच सांगत बसलो तं तिचं कवा आयकाव? मंग मळ्यात नेईन. मिरच्या तोडता तोडता माणूस आपसूक बोलते. अन् बाई, तुमच्याकडच्या पोरी शाळेतून घरी गेल्यावर काय करतात?"

एवढ्या मुलांत समोरच्याला काही विचारावंसं वाटलं ते तिला एकटीला. याच्यासाठीच होता ना सगळा खटाटोप? आणि मी तिला कळणार नाही अशा भरभर इंग्रजीत काय सांगितलं? — "ती जरा घाबरली आहे. घरी शेतीचं काम असतं, तयारी झालेली नाही." बस्स. तिचा प्रश्न तर गिळूनच टाकला. बाईंनी मान हलवली. पुढचा मुलगा घडाघडा बोलला, त्याचा शब्द न् शब्द मी इंग्रजीत केला. तोच जपानला गेला.

मला लाज वाटली — तिच्या बोलीची, म्हणजे माझ्याच. पुण्याच्या वर्गावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण त्या खोलीत पुण्याचं होतं कोण? आणि जपानच्या बाईंना 'मले' काय नि 'मला' काय, दोन्ही सारखंच! कुणालाच कळणार नव्हतं. तरी मी घाबरलो. पोरीची वाट अडवली, तीही तिच्याच नावावर खोटं सांगून.

"सर, माह्यंच उत्तर चुकलं असन," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. मी नाही म्हणालो नाही. त्यानंतर दहावी होईपर्यंत तिनं वर्गात हात वर केला नाही.

धाडच्या बाजारात तिचे वडील भेटतात. "सर, तुमी पोरीसाठी लय जोर लावला होता, ते पोरगी अजून सांगते," म्हणतात, आणि मेथीची एक जुडी जास्तीची काढतात.

मी पिशवी पुढे करतो.