अर्ध्या वॉटाची पंगत

किल्लारीच्या माळावर चैताचं ऊन सकाळीच असं उतरलं, की भट्टी पेटवायची गरजच काय असं वाटावं. वारं पडलेलं. शाळेच्या भिंतीमागं वैजनाथप्पा आचारी उकिडवा बसून वांगी चिरत होता. देठ ठेवायचं, चार फाका करायच्या आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाकायचं. शेजारी त्याची बायको रुद्राणीअक्का पुरीची कणीक तिंबत होती. परातीवर ती अशी वाकलेली, जणू कुणाचं तरी जुनं भांडण मिटवतेय.

हात चालले होते, तोंड बंद होतं. अप्पाला आधीपासून ओळखणाऱ्याला हे बघून चुकल्यासारखं झालं असतं. हा माणूस औशाजवळच्या खेड्यातला. त्याच्या हातची वांग्याची भाजी निलंग्यापर्यंत नावाजलेली, पण खरं नाव झालं ते त्याच्या हाळीनं. गावाकडच्या लग्नात भट्टी एका टोकाला आणि पंगत दुसऱ्या टोकाला. मधे बँड, करवल्या, रुसलेला जावई. ह्या सगळ्यांवरनं अप्पाची हाळी जायची, "पुऱ्याऽऽऽ! डाव्या अंगाला वरण फिरवाऽऽऽ!" लोक म्हणायचे, अप्पानं हाळी दिली की औशाच्या स्टँडवर लागलेली एसटीसुद्धा थांबती.

मार्गशीर्षात हा आवाज बसला. काढे झाले, ज्येष्ठमध चघळून झालं. शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. आवाजाच्या पडद्यावर गाठी धरल्या होत्या.

"हळू बोला, हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ओरडायचं नाही. हा हंगाम ओरडलात, तर पुढं कुजबुजायलासुद्धा आवाज राहायचा नाही."

"डॉक्टरसाब, म्या आचारी हाय," अप्पा घोगऱ्या आवाजात बोलला.

"मग स्वयंपाक करा. ओरडायला कुणी सांगितलंय?"

डॉक्टरांना कोण सांगणार, की स्वयंपाक रुद्राणीअक्काला अप्पाइतकाच येतो. अप्पाकडं लोक येतात ते पंगत हाकायला.

पहिल्या लग्नात त्यानं फोन वापरून बघितला. बँडपुढं घंटी कुणाला ऐकू जाणार? दुसऱ्या लग्नात शिट्टी आणली. एक शिट्टी म्हणजे भात, दोन म्हणजे पुऱ्या. अप्पानं दोन शिट्ट्या मारल्या आणि कनातीपल्याड वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स भसाभसा मागं यायला लागली. ड्रायव्हरला वाटलं क्लीनरच सांगूलालाय. करवल्या ओरडल्या म्हणून निभावलं, नाहीतर बुंदीच्या टोपल्यांवर चाक गेलं असतं.

ही गोष्ट किल्लारीच्या अण्णारावांपर्यंत गेली. त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न अप्पाकडंच ठरलं होतं. ते मोटारसायकलवर आले, चहा घेतला आणि मग सरळच बोलले. "अप्पा, राग धरू नका. आमच्यात पुरुषांची पंगत शाळेच्या मैदानात अन् बायकांची मंडपात, दोन्ही एकदमच बसत्यात. तुम्हाला आवाज न्हाई. कसं हाकणार? म्या दुसरा केटरर बघावं म्हणतो."

"बघा की," अप्पा म्हणाला.

रुद्राणीअक्का आतनं बाहेर आली. "काही बघायचं न्हाई. हे न्हाई ओरडले तरी पंगत उठंल. न्हाई उठली तर पुन्हा ह्या अंगाला आम्ही पळी धरणार न्हाई."

बरं म्हणून अण्णाराव गेले. अण्णारावांच्या घरचं लग्न हुकलं, की किल्लारीपासून औशापर्यंतचं एकेक घर हुकणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

तोड काढली मोहियोद्दीनभाईनं. औशाचा हा मंडपवाला अप्पाचा जुना जोडीदार. एकाच लग्नात ह्याची भट्टी अन् त्याचा मंडप, असं वर्षानुवर्षं चाललेलं. "अप्पा, वॉकीटॉकी ले लो," तो म्हणाला. "बटन दाबायचं, बोलायचं. चिल्लानेका कामच नक्को."

शिवरात्रीच्या जत्रेत एका पालावर अप्पाला तसे दोन सेट दिसले. काळे, जड, हातभर एरियलचे. विकणारा म्हणाला, दहा कोसावर बोला. अप्पा हरखला. घरी आणून बटन फिरवलं, तर आत खरखर झाली आणि एक करडा आवाज आला, "चौकातली गाडी काढून घ्या. लगेच. ओव्हर."

रुद्राणीअक्काच्या हातातलं लाटणं पडलं. "अहो, कोण बोलूलालंय ह्यात? पोलीस हाय का ओ?"

"आपल्याला न्हाई बोलत."

"आपलं त्यांना ऐकू जात असलं मग? बंद करा आधी!" तिनं दोन्ही सेट फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत पुरले. वरनं सूप झाकलं.

दुसऱ्या दिवशी मोहियोद्दीनभाईनं ते कणगीतनं उकरून अप्पासोबत लातूरला नेले. गंजगोलाईजवळ त्याच्या भाच्याचं, सद्दामचं, इलेक्ट्रिकचं दुकान. सद्दामनं सेट हातात घेतले आणि बॅटऱ्याच काढून ठेवल्या.

"अप्पा, हे लई ताकदीचे हैत. कुठल्याबी लहरीवर फिरतात. पोलिसांच्या, विमानांच्या. म्हणून ह्याला परवाना लागतो. परवाना नसताना वापरलं तर सेट जप्त अन् वर खटला."

"मग जत्रेत मुरमुऱ्यासारखे कसे इकत्यात?"

"इकणाराबी चुकलाच की. तुम्ही पुढं त्याच्यासाठी कोर्टात उभे ऱ्हाणार का?" सद्दामनं कपाटातनं दोन लहान पिवळे सेट काढले. खेळण्यासारखे, बोटभर एरियलचे. "हे घ्या. चारशे सेहेचाळीस मेगाहर्ट्झच्या पट्टीतले. एवढी पट्टी सरकारनं सगळ्यांना मोकळी ठेवलीय. ताकद अर्ध्या वॉटापर्यंत. परवाना लागत न्हाई. फक्त सेटला सरकारी मंजुरी पाहिजे. हे बघा खोक्यावर तिचा नंबर, बिलावरबी लिहून देतो. एरियल बदलायचं न्हाई, आत हात घालून ताकद वाढवायची न्हाई."

"अर्धा वॉट?" अप्पाला हसू आलं. "आमच्या देव्हाऱ्यातला दिवाबी ह्याच्यापेक्षा ताकदीचा असंल."

"मैदान ओलांडायला किती लागतं? आन् एक ध्यानात ठेवा, अप्पा. मोकळी पट्टी म्हणजे चावडी. त्याच चॅनेलवर दुसरा कुणी असला, तर तुमचं त्याला ऐकू जाणार, त्याचं तुम्हाला. एका वेळी एकानंच बोलायचं, थोडक्यात बोलायचं आणि आधी नाव घ्यायचं."

मोठे सेट अप्पानं औशाच्या ठाण्यात नेऊन जमा केले. हवालदारानं सगळं ऐकून लिहून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं, चालवायच्या आधी आणलात. बाकी ते वांग्याच्या भाजीत कूट कशाचं घालता हो, अप्पा?"

पिवळे सेट घरी आले. सराव सुरू झाला. अप्पा परसात, अक्का ओसरीवर. अप्पा म्हणायचा, "रुद्राणी, ऐकू येतंय का?" अक्का म्हणायची, "ऐकलं का? येतंय."

"आधी नाव घ्यायचं, सद्दामनं सांगितलंय."

"इश्श्य. लग्न झाल्यापासनं कधी घेतलं न्हाई, ते आता ह्या डबीत घिऊ? मला तुमचा आवाज कळतो, तुम्हाला माझा. बस झालं."

अप्पानंही फार ताणलं नाही. एवढीच ती चूक.

लग्नाच्या सकाळी सगळं सुरळीत चाललं. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या किल्लारीचे रस्ते रुंद, घरं सुटीसुटी, आडोसा कमी. भिंतीमागनं मैदानापर्यंत अर्धा वॉट आरामात पोचत होता. अक्षता पडल्या. दोन्ही पंगती बसल्या. अप्पा मैदानात उभा राहून हळू आवाजात सांगत होता, "रुद्राणी, मीठ-लोणचं झालं. भाजी निघू दे." भाजी निघत होती. अण्णाराव लांबनं बघत होते, आणि कपाळावरची एकेक आठी सैल होत होती.

तेवढ्यात वेशीवरच्या गेटापाशी गाड्यांची रांग लागली आणि पार्किंग बघणारी निलंग्याची माणसं कामाला आली. त्यांच्या कमरेलाही पिवळे सेट. चॅनेल तोच.

भट्टीवर पुऱ्यांचा पहिला घाणा निघाला, टोपल्या भरल्या. अक्कानं बटन दाबलं. "ऐकलं का? पुऱ्या कुठं पाठवू?"

पलीकडनं घोगरा आवाज आला, "गेटावर पाठवा. सकाळपासनं उपाशी हाव."

अक्काला वाटलं, अप्पाचा घसा जास्तच बसलाय आणि गेटाकडं तिसरी पंगत बसलीय. वाढपी टोपल्या घेऊन गेटाकडं धावले.

मैदानातल्या गलक्यात अप्पाला हे बोलणं ऐकूच आलं नव्हतं; पत्रावळ्यांवर भाजी निवत होती. लोक भाजीकडं बघत होते, मग अप्पाकडं. अप्पा बटन दाबत होता, पण सेटात सारखं चालूच होतं, "पांढरी जीप मागं घ्या, अजून घ्या, अजून." दोघं एकदम बोलले, की कुणाचंच जात नव्हतं. पंगतीतनं एक म्हातारा म्हणाला, "आचारी, पुऱ्या तळायला गहू पेरलाव का?" हशा झाला. अण्णाराव तरातरा आले. "अप्पा, म्या म्हणलो होतो!"

अप्पानं छाती भरून घेतली. एक हाळी. एकच. ती दिली तर पुऱ्या कुठंही असल्या तरी वळतील. मानेची शीर तटतटली, तोंड उघडलं.

इकडं भट्टीवर एक वाढपी रिकामी टोपली घेऊन परत आला होता. "अक्का, गेटावर पंगत कुठली? ते पार्किंगवाले हैत! टोपल्या घिऊन बसले, अन् सेटावर बोलले ते तेच."

अक्काच्या ध्यानात आलं. ह्या डबीत आता 'ऐकलं का'ला दहा जण ओ देणार. नाव घ्यायलाच पाहिजे, आणि नुसतं नाव जिभेवर येईना. तिनं पदर सारखा केला, डोळे मिटले, बटन दाबलं, आणि बाईमाणसाला नाव घ्यायचा जो एक रस्ता लग्नात मोकळा असतो, तोच धरला.

"फुलांच्या मंडपात सनईचा सूर,
वैजनाथरावांच्या पुऱ्या गेल्या पंगतीपासून दूर!"

अप्पाच्या मुठीतल्या सेटातनं हे खणखणीत बाहेर पडलं. तोंड उघडं होतं तसंच राहिलं, हाळी आतल्या आत विरून गेली. पहिल्या रांगेनं ऐकलं, ती खो खो हसायला लागली. सेटातनं घोगरा आवाज आला, "अक्का, मी अमरेश, पार्किंगवाला. पुऱ्या दूर न्हाईत, माझ्यापाशी हैत. चार खाल्ल्या, माफ करा. टोपल्या मोटारसायकलवर टाकून आत्ता पाठवतो. आमची माणसं दुसऱ्या चॅनेलवर घेतो."

"खाल्ल्या त्या खाल्ल्या," अक्का म्हणाली. "तुमचं ताट मागनं पाठवते. आता बटन सोडा."

टोपल्या येईपर्यंत अप्पानं हळूच सांगून बुंदी फिरवली, म्हाताऱ्याच्या पत्रावळीवर मुद्दाम दोनदा. पुऱ्या आल्या, मागोमाग गरम घाणाही आला. आता अक्का दर खेपेला नाव घेऊनच बोलत होती. आधी उखाण्यात, मग घाई झाली तशी नुसतंच, "वैजनाथराव, भात!" लाजायला सवड कुणाला होती?

दोन्ही पंगती उठल्या. अण्णाराव भट्टीवर आले, रुद्राणीअक्काला म्हणाले, "वहिनी, धाकटीचं पुढच्या साली काढतोय. तेबी तुम्हीच करा. फक्त उखाणा नवा पाहिजे."

"आधी पोरगा तरी बघा," अक्का म्हणाली.

मोहियोद्दीनभाई कनाती सोडत होता. तो लांबनं ओरडला, "अप्पा, गला कैसा है?"

अप्पानं हात हलवून बरा म्हणून खूण केली. मग विझत्या भट्टीतली मूठभर राख घेतली, नारळाची शेंडी भिजवली आणि तेलकट काहिलीत वाकून ती घासायला बसला.