पलीकडची साखळी

माझे काका पुलावरचे चौकीदार. पगार चौकीचा, पण खरा धंदा काळजी करण्याचा. नदीवरचा तो दगडी पूल आजोबांपासून आमच्याच घराच्या गळ्यात पडलेला. एका पुरात आजोबा शेवटची एक घोडागाडी जाऊ दे म्हणून थांबले आणि मधली कमान गाडीसकट वाहून गेली. पुढे तिथे लोखंडी तुळया टाकल्या. तेव्हापासून पाणी खांबावरच्या लाल पट्ट्याला लागलं की काका दोन्ही टोकांना साखळ्या लावून पूल बंद करतात, कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. गाव त्यांना साखळीशेठ म्हणतं. मीही म्हणायचो.

साखळ्या लावायची रीत ठरलेली. आधी पलीकडची लावायची, मग पूल रिकामा असल्याचं बघत चालत परत यायचं आणि अलीकडची लावायची. म्हणजे पुलावरचा शेवटचा माणूस नेहमी चौकीदारच.

त्या दुपारी काकांनी पलीकडच्या साखळीला कुलूप घातलं आणि समोर रिक्षा येऊन थांबली. आत त्यांची लेक, दिवस भरलेली, घामाने निथळत. दवाखाना अलीकडे.

"बाबा, सोडा ना. आत्ता पोचू."

"नाही बाळा."

"अहो, पूल उभा आहे की!" जावई ओरडला.

"म्हणून तर बंद करतोय. पडल्यावर काय करू?"

अलीकडचं टोक अजून उघडंच होतं, तिथली साखळी लावायची होती. "कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे ने हिला, त्यांनी बाळंतपणं केलीत," एवढं सांगून ते वळले. लेकीला ज्या पुलावर येऊ दिलं नाही, त्यावरून स्वतः चालत आले.

संध्याकाळी मी चौकीत त्यांच्याजवळ बसलो. फोन लागत नव्हता. चहा तसाच गार झाला.

"पडू दे एकदाचा," ते पुलाकडे बघत म्हणाले. मी चरकलो. "उभा राहिला तर पोरीला कुठल्या तोंडाने भेटू?"

पूल उभा राहिला. सकाळी पाणी ओसरलं आणि काका धावतच पलीकडे गेले, मी त्यांच्या मागे. शिलाई मशीनशेजारी गादीवर लेक पडली होती, कुशीत अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं बाळ. काका दारातच थबकले.

"मुलगी झाली," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "तुम्ही त्या टोकाला पोचेपर्यंत मी रिक्षा हलू दिली नाही. एकटेच होतात पुलावर, बाबा. जीव नुसता टांगणीला. पुन्हा असं करायचं नाही!"

काका उंबऱ्यातच मटकन बसले. आपली काळजी कुणी करत असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.