ट्रकचं तोंड कुठं?

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. वारज्यात दारासमोर जुना फोर-बाय-फोर पिकअप ट्रक उभा करून सुट्टीच्या दिवशी मी त्यावर राहण्याजोगी खोली बांधली. ओटा केला, पाण्याची टाकी बसवली, पलंग बोल्टनं पक्का केला. पहिल्या मुक्कामाला आईनं यावं, एवढीच इच्छा होती. शेत आणि घर सोडून ती कधी हौसेनं कुठं राहिली नव्हती.

आई आत चढली, गादी दाबून पाहिली आणि म्हणाली, "डोकं कुठं करायचं?"

"केबिनकडं."

"म्हंजी पाय दक्षिणेला, मढ्यावानी! मी नाय यायची. इंजिनेर झालास, दिशा नाय कळली व्हय?"

पलंग काढायला मी पाना उचललासुद्धा. मग हसू आलं. "आई, हे घर फिरतं गं."

तिला आतच बसवून मी ट्रक उलट्या तोंडानं लावला. मावळतीकडं बघून तिनं दिशा ताडली आणि म्हणाली, "आता बरं हाय."

पानशेतजवळच्या माळावर जागा मी निवडली. ट्रक कसा लावायचा ते खाली उतरून, हात करून, आईनं सांगितलं. मग ती निवांत आडवी झाली.